मार्शल आर्ट्सच्या सरावासाठी शांत ॲप : त्याने काय करावे आणि कुठे गप्प बसावे?

मांडवीपार (धागाकर्ता)

नमस्कार. मी पर्वरीला राहतो, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि गेली अकरा वर्षे फोंडा तालुक्यातल्या एका गावात, देवळामागच्या पत्र्याच्या सभागृहात शोतोकान कराटे शिकतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांसाठी मी एक छोटे ॲप बनवले होते आणि या जूनमध्ये ते मीच बंद केले. आता नव्याने हात घातला आहे. पहिल्या खेपेच्या चुका पुन्हा होऊ नयेत म्हणून हा धागा काढतो आहे.

पहिल्या ॲपमध्ये इतर ॲपमध्ये असते ते सगळे होते. सरावाची रोजची नोंद होती, सलग किती दिवस सराव झाला त्याचा आकडा होता, सात दिवस भरले की एक चित्रातला पट्टा आणि तीस भरले की दुसरा मिळत असे, आणि रात्री आठपर्यंत नोंद झाली नाही तर 'आज सराव राहिला' अशी सूचना जात असे. पहिल्या दोन महिन्यांत मुलांचा सराव वाढला, हे मी नाकारत नाही. मग एका संध्याकाळी वर्गातली तेरा वर्षांची एक मुलगी लंगडत आली. घोटा उंड्यासारखा फुगला होता. चार दिवसांपूर्वी शाळेत पाय मुरगळला होता, तरी ती रोज रात्री अंगणात माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, मारत होती, कारण तिचा आकडा ५८वर पोहोचला होता आणि तो तिला तोडायचा नव्हता. सर मला काही बोलले नाहीत. त्यांनी तिला बाकावर बसवले आणि मला कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणायला पिटाळले. बर्फाची पिशवी हातात घेऊन परत येताना ॲपचे काय करायचे ते माझे ठरले होते.

सलग दिवसांचा आकडा दिसायला भाबडा असतो, पण आत मोठी चलाखी असते. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, हे कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले. आकडा जितका चढतो तितकी तो तुटण्याची धास्ती वाढते, आणि शेवटी माणूस आकड्याची राखण करण्यासाठी सराव करू लागतो. आकडा गोल असला की तो शास्त्रोक्त वाटतो, ही आणखी एक गंमत. दिवसाला दहा हजार पावले चालावीत हा दंडक कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नाही; १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या 'मानपो-केई' या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता, आणि नावातला आकडा जगभर नियम म्हणून रुजला.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण मनात ठेवून मी काम करतो आहे. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ साली झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात 'शांत तंत्रज्ञान' ही कल्पना मांडली. त्यात त्यांनी नाताली जेरेमिजेंको या कलावतीच्या एका कृतीचे वर्णन केले आहे. छताला बसवलेल्या लहान मोटरला आठ फूट लांबीची प्लास्टिकची दोरी टांगली होती आणि मोटर कार्यालयाच्या नेटवर्कच्या तारेला जोडली होती. नेटवर्कवर वर्दळ असली की दोरी गरगरायची, नसली की अधूनमधून किंचित हलायची. कोणालाही मान वळवावी लागत नसे, तरी सर्वांना वर्दळ कळत असे. सरावाच्या ॲपने असे डोळ्याच्या कडेला राहावे, अशी माझी इच्छा आहे. ते नेमके कसे, हे मात्र मला अजून सापडलेले नाही.

जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

वहीवाला

शंभर पानी वही पंचवीस-तीस रुपयांत मिळते. ती चार्ज करावी लागत नाही, रात्री आठला ओरडत नाही आणि घोटा सुजवत नाही. मग ॲप हवेच कशाला, एवढे आधी सांगा. तोवर बाकीची चर्चा म्हणजे बाजारात तुरी.

जुना पट्टा

मांडवीपार बाब, मी तिसेक वर्षे कराटे शिकवतो आहे, म्हणून शिक्षकाच्या बाजूने लिहितो.

माझ्या वर्गात चपला, घड्याळ आणि फोन दाराबाहेर राहतात. घड्याळाचे कारण व्यवहारातले आहे : जोडीच्या सरावात धातूची कडा समोरच्याच्या मनगटावर ओरखडा काढते. फोनचे कारण मी मुलांना सांगत नाही. पंधरा दिवसांत त्यांना ते आपोआप कळते. तेव्हा तुमचे ॲप दाराच्या आत येणार असेल तर माझा विरोध समजा. मोकुसोच्या, म्हणजे डोळे मिटून शांत बसण्याच्या, वेळी घंटा वाजवणारे, श्वास मोजून दाखवणारे ॲपही मला नको. दोन मिनिटे डोळे मिटून बसायला शिकण्यात पत्र्यावर माकड उडी मारते तेव्हा डोळे न उघडणे हेसुद्धा येते.

दाराबाहेर मात्र एक गोष्ट करण्यासारखी आहे. मुले घरी सराव करतात तेव्हा त्यांना माझी मोजणी आठवत नाही. हल्ली इंटरनेटवर काताचे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे, व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण मुले पडद्याकडे बघत काता करतात आणि त्यांची मान कायम डावीकडे वळलेली राहते. ग्रेडिंगला, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेला, मला ती मान ओळखू येते.

मोजणी म्हणजे 'इच, नी, सान' हे आकडे नव्हेत. हेआन शोदान हा आमचा पहिला काता, त्यात २१ हालचाली आहेत. सातवी, आठवी आणि नववी या तिन्ही आगे-उके, म्हणजे वरचे बचाव, सरळ रेषेत पुढे जात करायच्या, आणि नवव्या हालचालीवर किआई, म्हणजे जोराची आरोळी. त्यानंतर पाठीकडून २७० अंशांचे वळण येते. तिथे नव्या मुलांचा तोल हमखास जातो. म्हणून दहावा आकडा, म्हणजे 'जू', मी लगेच उच्चारत नाही. शेवटच्या रांगेतल्या सर्वांत लहान मुलाची टाच जमिनीला टेकेपर्यंत थांबतो. त्या थांबण्यात बाकीची मुले आपापला गुडघा तपासतात. शेवटच्या चार शुतो-उके (उघड्या हाताचे बचाव) मी वर्षाच्या सुरुवातीला सावकाश मोजतो आणि परीक्षेच्या आधी जवळजवळ मोजतच नाही. एकसारखे ठोके देणारा मेट्रोनोम लावून हे जमणार नाही. शिक्षकाचा आवाज मुलाच्या खिशात ठेवता आला तर त्याचा उपयोग आहे, एवढे मी मान्य करतो.

कोल्थारी

जुना पट्टा सरांनी लिहिले ते वाचून मला आमच्या वायथारीची आठवण झाली, म्हणून मुद्दाम लिहिते. मी मूळची सावर्ड्याची, नोकरीनिमित्त काही वर्षे केरळात होते आणि तिथे कलरीपयट्टू ही तिथली युद्धकला शिकले. २०२३ साली ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा कलरीपयट्टू त्या स्पर्धांत पहिल्यांदाच खेळले गेले. त्यानंतर इथेही लोक मला थोडेफार विचारू लागले आहेत.

वायथारी म्हणजे गुरुक्कल, म्हणजे तिथले गुरू, तोंडाने देतात ती मल्याळम आज्ञांची लड. त्या आज्ञांचीच एक लय असते, आणि पुढचा शब्द कानावर पडण्याआधी शरीर त्याच्याकडे वळलेले असते. पहिले काही महिने मला मल्याळम कळत नव्हते, तरी मेय्पयट्टु, म्हणजे शरीराच्या हालचालींचे क्रम, जमू लागले, ते केवळ कानाने. जागेचा भाग वेगळाच आहे. पारंपरिक कलरी, म्हणजे सरावाची जागा, ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद असते, जमिनीपेक्षा खोल खणलेली असते, दार पूर्वेला असते आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूतरा, म्हणजे पूजेची जागा, असते. आत उतरताना उजव्या हाताने माती शिवून मग कपाळाला लावायची. हे सगळे ॲपमध्ये आणण्याच्या फंदात पडू नका; पडद्यावर पूतराचे चित्र काढलेत की ती केवळ सजावट होईल. आवाज तेवढा घ्या.

एक मागणी मात्र आहे. आवाज सुरू असताना पडदा पूर्ण काळा राहू द्या. पुढे जाणारी रेषासुद्धा नको. किती उरले हे दिसले की माणूस उरलेलेच मोजत बसतो.

गुडघेदुखी

मी मडगावला फिजिओथेरपी करतो आणि जुदोचा माजी खेळाडू आहे. नाव त्यामुळेच पडले आहे.

कॅमेऱ्याचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, पण कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. गुगलचे मीडियापाइप हे सॉफ्टवेअर वापरले तर साध्या फोनवर, चित्र बाहेर कुठेही न पाठवता, शरीरावरचे ३३ बिंदू ओळखता येतात. झेनकुत्सु-दाचीमध्ये, म्हणजे पुढे झुकलेल्या लांब पवित्र्यात, पुढचा गुडघा आत कलंडतो आहे का, हे समोरून घेतलेल्या चित्रात बऱ्यापैकी कळते, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या दुखण्याचे मूळ तिथेच असते. पण गीचा, म्हणजे सरावाच्या पोशाखाचा, पायजमा ढगळ असतो, त्यामुळे गुडघा कापडात नेमका कुठे आहे याचा यंत्र अंदाज बांधते. फोन बाजूला ठेवला तर मागचा पाय पुढच्या पायाआड जातो आणि तिथेही अंदाजच. अंदाजाला दशांशचिन्ह लावून पडद्यावर दाखवले की मुलाला ते सत्य वाटते, इथे घोडे पेंड खाते. ठोसा शेवटच्या क्षणी आवळला की नाही, ज्याला तुम्ही किमे म्हणता, ते या बिंदूंत मुळीच दिसत नाही. म्हणून कॅमेरा ठेवायचाच असेल तर तो शिक्षकाच्या हातात असावा, आणि गुण देण्यासाठी नव्हे तर थांबवलेले चित्र मुलाला दाखवण्यापुरताच असावा.

दुखापतीबद्दल तुमच्या ॲपने एकच गोष्ट नीट करावी. नोंदीत 'दुखते आहे' असे आले की त्या दिवसापुरती मोजणी बंद व्हावी आणि 'सरांना दाखव' एवढेच दिसावे. उपाय सुचवू नयेत. डोक्याला मार लागल्याचा संशय असेल तर खेळाडूने त्या दिवशी पुन्हा उतरायचे नाही, याबद्दल क्रीडावैद्यकात दुमत नाही. तिथे प्रश्नावली भरून घेऊन 'ठीक आहे' असा निर्वाळा देणारे ॲप धोकादायक ठरेल.

म्हापशेची आई

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि तायक्वांदो शिकतो. पूर्वी तो जिथे जायचा त्या वर्गाचा एक ग्रुप होता आणि त्यात रोज सगळ्या मुलांचे व्हिडिओ पडत. माझ्या मुलाची लाथ चुकून तो पडला तो व्हिडिओ तीन दिवस फिरत राहिला, त्यावर हसणारे चेहरे आले, आणि ते चेहरे पाठवणारे बहुतेक पालक होते. आठवडाभर तो वर्गाला गेला नाही. काढून टाका म्हटले तर 'बाय, गंमत आहे' असे उत्तर मिळाले.

म्हणून विचारते : नोंदी आणि आवाज कुठे साठवणार? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकजण मूल मानला आहे, त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना रोखून जाहिराती दाखवणे यावर बंदी आहे. मुलांबाबतची कर्तव्ये मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या पत्र्याच्या सभागृहाला कोणी २०० कोटी मागणार नाही, हे मला कळते. पण सलग दिवसांचा आकडा ही पाळतच नव्हे का?

मांडवीपार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आधी वहीवाले यांना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आमच्या वर्गात सहाजण कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत काम करतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांना संध्याकाळच्या वर्गाला येणे जमत नाही. रात्री अकरानंतर सुटी झाली की कोणी गच्चीवर, कोणी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करतो. वही त्यांच्याकडेही आहे, पण वहीला आवाज नाही, आणि त्यांची खरी अडचण आवाजाचीच आहे. एकट्याने मोजत काता केला की आपल्याला सोपे जाते तिथे आपण सावकाश होतो आणि अवघड जाते तिथे उरकतो. एवढ्यासाठी ॲप हवे. नोंदींसाठी वहीच बरी, हे मी मान्य करतो, आणि म्हणून नोंदींचा भाग वहीइतकाच मुका ठेवतो आहे : दिवसाला एक ओळ, आलेख नाही, बेरीज नाही, मागे राहिलेल्या तारखा लाल होणार नाहीत. पान उघडले की कोरी ओळ समोर येईल. कालची ओळ हवी असेल तर मागे जाऊन वाचायची.

म्हापशेची आई, सलग आकडा पाळतच होता. त्या वेळी मला तसे दिसले नाही. नव्या ॲपमध्ये खाते उघडावे लागणार नाही, नाव विचारले जाणार नाही आणि ओळी त्या फोनबाहेर जाणार नाहीत. फोन हरवला तर ओळी हरवतील. हे नुकसान मी जाणूनबुजून पत्करतो आहे. व्हिडिओ नाही. सूचना एकाच प्रकारची असेल, ती सर स्वतः पाठवतील, आणि ती 'आज वीज नाही, वर्ग बंद' अशा स्वरूपाची असेल.

चित्रातले पट्टे अर्थातच गेले. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशो-जी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत जुदो शिकवायला सुरुवात केली, आणि आज कराटेतही रुळलेली दान श्रेणींची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांची, पद्धत त्यांच्याच कोदोकान या शाळेतून आली. देवळाच्या आवारात शिकणारे आम्ही काही जगावेगळे नाही, असे मला त्यामुळे उगाच वाटते. पण कानोंच्या शिष्याला श्रेणी देणारा माणूस त्याच्यासमोर उभा असायचा. माझे ॲप पट्टा द्यायचे ते रात्री बाराच्या ठोक्याला.

डिचोलीची लाठी

एक प्रश्न कोणी विचारलेला नाही : तो आवाज कोणाचा?

माझे वस्ताद कोल्हापूरकडचे होते. लाठी, दांडपट्टा, फरी-गदका हे मर्दानी खेळ त्यांनी आम्हा पाच-सात पोरांना शिकवले. ते गेले त्याला चार वर्षे झाली. माझ्या फोनमध्ये त्यांचे चाळीस सेकंदांचे एक ध्वनिमुद्रण आहे. त्यात ते मला शिकवत नाहीत, शिव्या देत आहेत, कारण मी काठी फिरवताना मनगटाऐवजी खांदा वापरत होतो. गेल्या वर्षी एकाने ते मागितले, शिगम्याच्या एका व्हिडिओखाली लावायला. मी दिले नाही. त्या शिव्या माझ्या खांद्यासाठी होत्या.

तुमच्या सरांचा आवाज उद्या दुसऱ्या वर्गात गेला, कोणी त्याचे पैसे केले, किंवा सर त्या मुलाला ओळखतही नसताना त्यांच्या आवाजावर तो चार वर्षे काता करत राहिला, तर ते शिकवणे झाले का?

जुना पट्टा

याच प्रश्नाने मला दोन दिवस झोप लागली नाही. मांडवीपार बाब, तुमचे सर कोण ते मला ठाऊक नाही, पण माझा आवाज तुम्ही घेणार असाल तर माझी एक अट असेल. मुद्रणाला मुदत असावी. तीन महिन्यांनी ते आपोआप बंद पडावे, आणि नवे हवे असेल तर मुलाने वर्गात येऊन, माझ्यासमोर एकदा काता करून, मग ते घेऊन जावे. त्याच्या चुका पाहून मी मोजणी बदलेन. जानेवारीतली मोजणी जुलैत चालत नाही.

वहीवाला

मुदतीची कल्पना पटली. वहीसुद्धा संपते आणि नवी आणायला दुकानात जावे लागते. माझा विरोध अर्ध्यावर आला असे समजा. उरलेला अर्धा ॲप पाहिल्यावर.

मांडवीपार (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनंतरची खबर देतो.

मुदतीची अट मी जशीच्या तशी घेतली आणि आमच्या सरांना सांगितली. ते म्हणाले, 'तीन नको, दोन महिने.' मुद्रण वर्गाच्या फोनवरून मुलाच्या फोनवर ब्लूटूथने जाते, दोन्ही फोन जवळ असल्याशिवाय जात नाही आणि पुढे पाठवता येत नाही. दुसरा फोन शेजारी धरून कोणी ते पुन्हा मुद्रित केले तर मी रोखू शकत नाही. डिचोलीची लाठी यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच अर्धे उत्तर आहे.

चौघांना वापरायला दिले. पडदा काळा ठेवण्याची सूचना सर्वांना मानवली. एकाने तर फोन चालू आहे की नाही हे पाहायला तो दोनदा उघडला आणि मग खिशातच ठेवला. 'दुखते आहे' हे आतापर्यंत दोघांनी नोंदवले, आणि दोघेही पुढच्या वर्गाला येऊन सरांसमोर उभे राहिले. ब्लूटूथच्या इअरफोनवर आवाज किंचित मागे पडतो असे वाटले, पण मोजणीत सगळाच आवाज मागे पडत असल्याने फरक जाणवत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. कळंगुटला काम करणारा आमचा एक जण म्हणाला की नवव्या हालचालीवरच्या किआईनंतर सर फार वेळ थांबतात. मुद्रणाच्या दिवशी शेवटच्या रांगेत एक नवा सात वर्षांचा मुलगा होता आणि सर त्याच्या टाचेसाठी थांबले होते. गच्चीवर याच्या मागे कोणीच नाही, तरी तो रोज रात्री त्या मुलासाठी थांबतो. आधी त्याला वैताग आला, मग त्या वेळात तो स्वतःची मागची टाच बघू लागला, आणि ती उचललेली असते हे त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कळले. मी सरांना विचारले की थांबा छाटून टाकू का. त्यांनी तो भाग तीनदा ऐकला आणि म्हणाले, 'याच्या मुद्रणात राहू दे. बाकीच्यांचे पुन्हा करू.'

म्हणजे प्रत्येकाचे वेगळे मुद्रण आले. छत्तीस विद्यार्थी, दोन महिन्यांची मुदत. हे काम सरांवर किती पडेल याचा हिशेब मी मांडून पाहिला आणि मला घाम फुटला. वरच्या पट्ट्याच्या मुलांनी खालच्यांसाठी मोजावे का, यावर शिक्षकांचे मत हवे आहे.

जुना पट्टा

मोजू द्या. वर्गात आम्ही तेच करतो. तपकिरी पट्ट्याचा मुलगा पुढे उभा राहून मोजतो तेव्हा त्याला पहिल्यांदा मागची रांग दिसते. पण त्याच्या मोजणीला दोन महिने नकोत, दोन आठवडे पुरेत.

येत्या रविवारी मी फोंड्यात आहे. तुमच्या सरांची हरकत नसेल तर सकाळी सातला सभागृहावर येतो. फोन दाराबाहेर ठेवीन. मुद्रणासाठी तुमचाच वापरा.